घोरणं थांबलं की थांबायचं

आमच्या घरी पाहुणा आला की आई त्याच्या हातातली पिशवी नंतर घ्यायची, आधी पायातल्या चपला घ्यायची. धामणगावची आत्या पहिल्यांदा आली तेव्हा तिला भरूनच आलं होतं, भावजय आपल्या चपला उचलते म्हणजे केवढा मान! खरं कारण एवढंच की दारापुढच्या ओट्यावर चपला फटफट निघाल्या असत्या तर आतल्या खोलीत झोपलेल्या बाबांना जाग आली असती. बाबा अकोल्याबाहेरच्या एका जिनिंगात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, रात्रीचे चौकीदार होते. आम्ही रात्रीची ताटं वाढायला घ्यायचो तेव्हा ते मोटरसायकलला किक मारायचे, आणि आम्ही दात घासत असायचो तेव्हा केसांत, मिशीत, कानांवर कापसाची रुई घेऊन परत यायचे. मग त्यांचं रात्रीचं जेवण व्हायचं. सकाळच्या उन्हात बसून ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, वर हिरव्या मिरचीचा ठेचा असं ते सावकाश जेवायचे, आणि समोर मी चहात टोस्ट बुडवत बसलेली. हात धुतले की ते खोलीत जायचे, आई खिडकीला जाड चादर लावायची आणि आमच्या घरात रात्र पडायची. बाहेर सगळ्या अकोल्यात दिवस उगवलेला, रस्त्यानं पोरं शाळेत चाललेली, आणि आम्ही पायाच्या बोटांवर. दिवस मावळताना बाबा उठायचे, डोळे चोळत ओट्यावर यायचे आणि विचारायचे, "काय वं पोट्टे, सकाय झाली का?" मी म्हणायची, "झाली बाबा." हे आमचं रोजचं होतं.

दिवसा घर शांत ठेवायचं म्हणजे काही गंमत नव्हे. आई कुकरची शिट्टी वाजायच्या आधीच चिमट्यानं उचलून धरायची. भांडी फडक्यावर पालथी घालायची. भाजीवाल्याला तिनं असं काही सांगून ठेवलं होतं की तो सगळ्या गल्लीत गळा फाडून ओरडायचा आणि आमच्या दारापाशी आला की मुका व्हायचा. खिडकीसमोर उभा राहून एका हातानं वांगं उचलून दाखवायचा, मग मेथीची जुडी, मग तुरीच्या शेंगा, आणि आई आतून मान डोलवायची किंवा हातानं नको म्हणायची. थंडीच्या दिवसांत त्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडायच्या, आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून दाणे काढत बसायचो. चादरीतून गाळून आलेला पिवळट उजेड, शेंगांची वाफ, आणि आतल्या खोलीतून बाबांचं घोरणं. आता इतकी वर्षं झाली, तरी दुपारी डुलकी लागताना मला तो उजेड दिसतो आणि आपण कुठल्या घरात आहोत ते क्षणभर कळत नाही.

त्या घोरण्यावर आमचं सगळं घर चालायचं. बाबा घोरत असले म्हणजे गाढ झोपलेले, मग काहीही करा. मिक्सर लावा, फोडणी टाका, पलंग सरकवा, काही बिघडत नाही. पण मधूनच, काही नेम नसताना, ते घोरणं थांबायचं, म्हणून तर बाहेरचे आवाज कायमचेच बंद. थांबलं म्हणजे झोप चाळवली, आता जरा खट्ट झालं की उठतील, असा आईचा हिशेब. मग ती असेल तिथं थांबायची. हातात झारा असला तर झारा हवेत. मी दारातून आत येत असले तर एक पाय उंबऱ्यावर, एक बाहेर. मोहरी तडतडायला लागली असली तर आई कढईच उचलून अधांतरी धरायची. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत, श्वाससुद्धा जपून घेत उभ्या राहायचो. मग आतून एकदम घर्रर्र करून मोठा आवाज यायचा, घोरणं सुरू व्हायचं, आणि आई म्हणायची, "झोपले बाप्पा." की पुन्हा झारा खाली. लहानपणापासून पाहिलेलं, त्यामुळे सगळ्यांच्याच घरी असं असतं असं मला वाटायचं. आता मी घोरते. लेक म्हणते, आई, भिंत हादरते. मी तिला सांगते, घोरणं चालू असेपर्यंत तुझी कामं कर बापा, थांबलं की मात्र धावत ये.

शाहीन आमच्या मागच्या गल्लीतली. तिचे अब्बा गाद्या-रजया भरायचे, त्यामुळे तिच्याही ओढणीला कायम कापूस असायचा, आणि आमची मैत्री बालवाडीपासून त्याच कापसामुळे झाली असावी. बारावीनंतर ती कॉम्प्युटर शिकायला अमरावतीला गेली, मी अकोल्यातच राहिले. शनिवारी ती यायची, तिच्या घरी पिशवी टाकायची आणि सरळ आमच्याकडे जेवायला. एका शनिवारी आईनं तिच्यासाठी ओल्या तुरीच्या दाण्यांचा सोलेभात केला होता. ती पहिला घास तोंडात घालते तोच आतलं घोरणं थांबलं. आई वाढता वाढता थांबली, डाव ताटावर अधांतरी. मी पाण्याचा तांब्या धरून थांबले. शाहीन घास तोंडात तसाच धरून आमच्याकडे पाहत राहिली. घर्रर्र झालं, आई म्हणाली "झोपले बाप्पा," आणि शाहीनला इतकं हसू आलं की तिनं तोंडात ओढणीचा बोळा कोंबला. "काकू," ती कुजबुजली, "अवं हा तं गेम आहे! पूरा गेम आहे हा!"

तिच्या कॉलेजात स्पर्धा होती, मोबाईलवर खेळायचा एखादा लहानसा गेम करून आणायचा. सोबत कोणीही चालेल. तिनं जेवता जेवता सगळं ठरवूनच टाकलं. भुताचा गेम करायचा. एक रात्रीचा चौकीदार, एक जिनिंग, आणि कापसाच्या ढिगात झोपलेलं एक पांढरं भूत. पांढऱ्या कापसात पांढरं भूत, म्हणजे दिसणारच नाही, नुसतं ऐकू येणार. भूत घोरत असेल तोवर चौकीदारानं चालायचं, टॉर्च मारायचा, एकेक दरवाजा तपासायचा. घोरणं थांबलं की थांबायचं. हललास की गेलास. "डर लगेगा ना?" तिनं विचारलं. मला तर सोलेभात खातानाच काटा आला होता. बाबांच्या कामाचा गेम! मला लय आनंद झाला होता, हे कबूल करते, कारण शाळेत कोणी बाबांचं काम विचारलं की मी 'जिनिंगमध्ये आहेत' एवढंच सांगायची.

चित्रं माझ्याकडे होती. शाहीननं शब्द शिकवला, पिक्सेल. म्हणजे सगळं चौकटीचौकटींनी काढायचं, गोल काही नाही, वाकडं काही नाही, एक चौकट भरायची नाहीतर सोडायची. मी आलेखाच्या कागदावर काढायला बसले आणि आईनं वरून डोकावून पाहिलं. "हे तं दुसुतीचं भरतकाम होय," ती म्हणाली. तिनं लग्नाआधी भरलेल्या पोपटाचा रुमाल ट्रंकेतून काढून आणला, आणि बघते तर काय, चोच कशी दोन चौकटींत वळते, डोळा एकाच चौकटीत कसा बसतो, सगळं त्यात. चौकीदाराचं नाक आम्ही त्या पोपटावरून घेतलं. खाकी कपडे, कमरेला शिट्टी, हातात दांडा, आणि टॉर्चचा पिवळा तुकडा. चार दुपारी मी त्यातच होते. चादरीचा अंधार, बाबांचं घोरणं, आई शेजारी तूर निवडतेय, आणि माझ्या कागदावर एक एवढासा माणूस कापसाच्या डोंगरांमधून चाललाय. कधी कधी मला कळायचं नाही की मी त्याला काढतेय की त्याच्यामागून चाललेय. एवढं सुख मला पुढे मोठमोठ्या कामांतसुद्धा झालं नाही.

भुताचा आवाज हवा होता. शाहीन म्हणाली, बाहेरून कशाला आणायचा, घरात आहे ना! दुपारी मी माझा मोबाईल रेकॉर्डिंगवर टाकून बाबांच्या उशाशी ठेवला आणि बाहेर आले. नंतर आम्ही दोघी ओट्यावर बसून तिच्या लॅपटॉपवर तो आवाज उघडला. पडद्यावर आवाजाची रेघ दिसते. घोरणं जिथं मोठं तिथं रेघ फुगलेली, आणि मधे मधे नुसती सपाट. शाहीननं कपाळाला आठ्या घातल्या. "ये बीचमें खाली कायको है?" म्हटलं, अगं तेव्हा बाबा घोरत नाहीत. "घोरत नाहीत हे ठीक," ती म्हणाली, "पण श्वासाचा आवाज? पंख्याचा येऊन राहिला, बाहेरच्या कुत्र्याचा येऊन राहिला. यात तं काहीच नाही. फोन खराब है तेरा." मग तिनं तिचा मोबाईल दिला. तो चांगला होता, महागातला. दुसऱ्या दुपारी परत तेच. पंखा, कुत्रं, लांबची पिठाची गिरणी, सगळं बारीक बारीक ऐकू येतंय, आणि बाबा नाहीत. मग एकदम घर्रर्र.

आम्ही दोघी आत गेलो. घोरणं थांबलेलं असताना त्या खोलीत पाऊल टाकायची माझी ती पहिलीच वेळ. आमच्या घरात तेव्हा कोणी हलायचंच नाही ना. शाहीननं मोबाईलचा उजेड लांबून पाडला. बाबांचं तोंड उघडं होतं. छाती वरखाली होत होती, म्हणजे झटे मारत होती, पण आत काही जात नव्हतं. ओठांचा रंग मला अजून आठवतो. मी ओरडणार तेवढ्यात त्यांचं सगळं अंग उचललं गेलं, तोंडातून घर्रर्र झालं आणि श्वास सुरू झाला. मला उभ्यानं रडू फुटलं. शाहीननं मला हाताला धरून बाहेर आणलं.

आईला सांगितलं तर ती आधी आमच्यावरच उखडली. "पोट्टे हो, येड लागलं का तुमाले? भुताचे खेळ खेळता अन् मंग असं काईबाई दिसते." पण आमचे चेहरे पाहून ती गेली आत. आम्ही दारात. घोरणं थांबलं. आई सवयीनं उभी राहिली. मग वाकली. नाकासमोर हात धरला, आणि तसाच धरून राहिली. पुढच्या क्षणाला तिनं बाबांचे दोन्ही खांदे धरून त्यांना इतकं जोरानं हलवलं की पलंग भिंतीवर आपटला. "अवो! उठा! अवो, उठा नं!" जिनं या माणसाच्या झोपेसाठी अख्ख्या गल्लीचं तोंड बंद केलं होतं, ती ओरडत होती. बाबा धडपडून उठले. "काय झालं? आग लागली का?" जिनिंगच्या माणसाला दुसरं काय सुचणार. आग नाही म्हटल्यावर जे संतापले, ते जेवलेच नाहीत त्या दिवशी.

अमरावतीला शाहीनच्या कॉलेजच्या रस्त्यावर एक डॉक्टरीणबाई होत्या, झोपेचे आजार बघणाऱ्या. कशीबशी मनधरणी करून बाबांना नेलं. एसटीत बसल्या बसल्या त्यांची मान पडली, आणि आई सगळा रस्ता त्यांच्या तोंडाकडे बघत बसली. तिनं शेतं पाहिली नाहीत की गावं पाहिली नाहीत. बाईंनी रेकॉर्डिंग कानाला लावून ऐकलं, घरी लावायचं एक यंत्र देऊन तपासणी केली, आणि पुढल्या खेपेला स्वच्छ सांगितलं. झोपेत यांचा गळा मिटतो, श्वास अडतो, एका झोपेत कितीतरी वेळा अडतो. हे असंच चाललं तर हृदय कधी दगा देईल सांगता येत नाही. त्यांनी एक मशीन दिलं, वापरून बघा म्हणाल्या. नळी आणि नाकातोंडावर बसणारा मास्क. झोपताना लावायचा, हवा आत ढकलत राहते. सवय झाली तर पुढचं पाहू, आणि लावणारच नसाल तर पुढच्या सोमवारी परत आणून द्या, दुसरे पेशंट थांबलेत.

बाबांनी घरी येऊन तो मास्क दोन बोटांत धरून पाहिला. "हे तं मुसकं होय," म्हणाले. "पिकात डवरा हाकताना बैलाले बांधतेत तसं. मी का बैल आहो?" आई समजावत होती, मी समजावत होते. ऐकतील तर शप्पथ. "घोरते तं सारं जग घोरते. माहा बाप घोरे, माहा आजा घोरे." मग जरा वेळानं खरं बोलले, हळू आवाजात. "चौकीदाराले झोपेचा आजार! अवं, लोकाईनं आयकलं तं हासतीन. मालक म्हणन, हा रातभर झोपूनच राह्यत असन." आणि मशीन कपाटावर चढलं. त्याच आठवड्यात ते कामावरून येताना रेल्वे फाटकापाशी मोटरसायकलवर बसल्या बसल्या झोपले. फाटक उघडून गेलं तरी हे झोपलेलेच, मागच्यांनी हॉर्न वाजवून उठवलं. ही गोष्ट त्यांनी आम्हाला हसत हसत सांगितली, भाकरीचा तुकडा मोडता मोडता. आम्हाला कोणाला हसू आलं नाही. त्या दिवसांत दुपार झाली की मी आतल्या खोलीच्या दारात बसून राहायची आणि घोरणं थांबलं की आत जाऊन पलंगाला लाथ मारायची. बाबा कूस बदलायचे, शिव्या घालायचे. मी म्हणायची, घाला.

शनिवारी शाहीन आली. सोमवारी मशीन परत जायचं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं, लॅपटॉप उघडला, आणि गेममध्ये काहीतरी करत बसली. झालं होतं असं की आधी आम्ही रेकॉर्डिंगमधल्या सपाट जागा कापून बारीक केल्या होत्या. खेळणारा एवढा वेळ थांबणार नाही, कंटाळेल, म्हणून. तिनं त्या जागा जशाच्या तशा परत घातल्या. "काका खेळतील तं ठीक," ती म्हणाली, "नाही खेळले तं मग मी रडते त्यांच्यासमोर, दुसरं काय."

दिवस मावळताना बाबा उठले, ओट्यावर येऊन बसले. आईनं चहा आणला. शाहीननं मोबाईल पुढे केला. "काका, तुमच्यावरच बनवला. खेळून तं पाहा." त्यांना मोबाईलचं भारी कौतुक नव्हतं, पण स्वतःला पाहायला कोणाला आवडत नाही! "हा मी होय का?" ते खुलले. "नाक तं पोपटावानी काढलं वं. अन् टोपी कुठं हाये माही?" मी शिकवलं, या बोटानं चालवायचं, आवाज येतो तोवर चालायचं, थांबला की बोट उचलायचं. ते चालवायला लागले. एवढासा चौकीदार, टॉर्चचा पिवळा तुकडा, कापसाचे डोंगर. मोबाईलमधून घर्रर्र, घर्रर्र. एक दरवाजा झाला, दुसरा झाला. बाबा लहान पोरासारखे पुढे वाकले होते. आणि आवाज थांबला.

त्यांनी बोट उचललं. जो कोणी तो गेम खेळायचा तो तिथं आपोआप श्वास रोखायचा, पुढे कॉलेजातल्या पोरीसुद्धा रोखायच्या. बाबांनीही रोखला. चौकीदार उभा, बाबा उभ्यासारखे ताठ, मोबाईलमधून नुसता पंख्याचा आवाज. आई चहाची कपबशी धरून दारात. बाबांच्या गळ्याची शीर दिसायला लागली. चेहरा लाल झाला. ते आवाजाची वाट बघत होते, आणि आवाज येईना. शेवटी त्यांच्यानं राहवलं नाही, त्यांनी फुस्सकन श्वास सोडला, दोन-चार वेळा भरभर ओढला, आणि चिडून म्हणाले, "बिघडला का वं हा? आवाजच नाई येऊन राहिला."

"येईन, काका," शाहीन म्हणाली.

आणि मग आला. घर्रर्र.

बाबा मोबाईलकडे बघत राहिले. "हा आवाज कोणाचा भरला?"

शाहीननंच सांगितलं, "तुमचा आहे काका. इथलाच, आतल्या खोलीतला."

"अन् मधात थे जे थांबलं?"

"थे बी तुमचंच."

त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून लावायला सांगितलं. या वेळी चौकीदाराकडे त्यांचं लक्षच नव्हतं. आवाज थांबला तसा त्यांनी मुद्दाम श्वास धरला, छातीवर हात ठेवून. पुन्हा पुरला नाही. त्यांनी मोबाईल ओट्यावर पालथा ठेवला, तळहात लुंगीला पुसले आणि आईकडे पाहिलं.

"तुले मालूम होतं?"

"मले वाटे, तुमी आता उठता," आई म्हणाली.

"मंग तू का करत होती त्या येळेले?"

"मी उभी राहो. हालो नाई. तुमची झोप मोडन म्हणून." तिनं पदर तोंडात धरला. या घरात ती मोठ्यानं कधी रडलीच नव्हती, तिची माय गेल्याचा फोन दुपारी आला होता तेव्हासुद्धा तिनं असाच पदर तोंडात कोंबून घेतला होता. बशीतला चहा हिंदकळून तिच्या पायावर सांडत होता. बाबा उठले. कपबशी तिच्या हातातून घेऊन खाली ठेवली. "लावतो थे मशीन उद्यापासून," ते म्हणाले. मग त्यांनी तिच्या तोंडातला पदर हळूच ओढून काढला.

"रड वं," ते म्हणाले. "मोठ्यानं रड. मी जागा आहो."